एक दाढ, दोन फोटो

डॉक्टर मॅडम, स. न. वि. वि.

माझं वय 34. मिरजेजवळच्या एका गावात राहतो. आमच्या घरात तीन पिढ्या सनई आहे; देवळातला चौघडा आणि लग्नाचे कार्यक्रम यावर घर चालतं. उजवीकडची खालची अक्कलदाढ वर्षात दोनदा सुजली. पहिल्यांदा गोळ्यांनी उतरली. दुसऱ्यांदा तोंडच उघडेना, हातची सुपारी सोडावी लागली. गावातल्या डेंटिस्टनी तोंडात छोटी फिल्म धरून एक्स-रे काढला. फिल्मवर दाढ अर्धीच आली होती. म्हणाले, सोपी आहे, अर्ध्या तासात काढून देतो. त्याच आठवड्यात पुण्याला कार्यक्रम होता, तिथे एका दवाखान्यात दाखवलं. त्यांनी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे काढला आणि म्हणाले, मुळं नसेजवळ आहेत, ओठ बधिर होऊ शकतो, आधी सीबीसीटी, म्हणजे सगळ्या बाजूंनी दाखवणारा स्कॅन करा. कागदावर लिहिलंय: '48, मेसिओअँग्युलर इम्पॅक्शन, क्लास 2, पोझिशन बी, मुळाच्या टोकाशी डार्कनिंग, कॅनालच्या निकट'. एकच दाढ आठ दिवसांत सोपीची अवघड कशी झाली? की स्कॅनचे पैसे काढायचे आहेत? ओठ बधिर झाला तर मी सनई फुंकणार कशी? आई म्हणते काढूच नको, नजर जाते. पितृपक्षात आम्हाला काम नसतं, तेवढ्यात उरकावं म्हणतो. घटस्थापनेला चौघड्यावर बसायचंय. पूर्वी मावा खायचो, सोडून दोन वर्षं झाली.

— एक सनईवाला

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आमच्या लग्नात कॅसेटची सनई लावली होती, त्यामुळे तुमच्या मंडळींचं थोडं देणं लागते. म्हणून उत्तर जरा लांबलंय.

दाढ बदललेली नाही, फोटो बदलला. आणि दोन्ही डॉक्टरांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. गावातल्या डॉक्टरांच्या मनात प्रश्न होता: ही दाढ निघेल का, आणि किती वेळात? पुण्यातल्यांच्या मनात होता: निघताना शेजारच्याला काय होईल? बोलताना आम्ही दोन्हीला 'अवघड' हा एकच शब्द वापरतो आणि पेशंट गोंधळतो. तासभर घाम काढणारी दाढ नसेपासून लांब असू शकते. पंधरा मिनिटांत हातात येणारी दाढ जाता जाता ओठ बधिर करून जाऊ शकते. एक्स-रेवर या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी बघाव्या लागतात.

आधी ती छोटी फिल्म. आम्ही तिला आयओपीए म्हणतो, संगणकावर दिसणारी असेल तर आरव्हीजी. एका-दोन दातांसाठी ती फार छान. दाढेची कीड, मुळाचा आकार, मुळाभोवतीची काळी बारीक रेघ हे सगळं ओपीजीपेक्षा तिच्यावर स्वच्छ दिसतं. पण अक्कलदाढ असते पार मागे. तिथे फिल्म नेली की उमासे येतात, पेशंट बोट चावतो, फिल्म पुढे सरकते. मग दाढेचं डोकं येतं आणि मुळांची टोकं खाली कापली जातात. तुम्ही लिहिलंय की फिल्मवर दाढ अर्धीच आली. म्हणजे गावातल्या डॉक्टरांना मुळांखालची नस दिसलीच नसणार. त्यांनी जेवढं दिसलं तेवढ्यावर 'सोपी' म्हटलं. त्यांची चूक काढायची तर एवढीच, की मुळाची टोकं आणि त्याखालची नळी दिसत नसलेल्या फिल्मवर खालच्या अक्कलदाढेबद्दल शब्द देऊ नये. ही एक गोष्ट कोणत्याही पेशंटला स्वतः तपासता येते. फिल्म उजेडात धरा आणि विचारा, "डॉक्टर, मूळ संपतं ते कुठे दिसतंय?"

ओपीजीत यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एका लांब पट्ट्यात येतात. (भिकबाळी घालत असाल तर पुढच्या वेळी ती काढून जा. धातूची पुसट सावली चित्रात समोरच्या बाजूला उमटते, तीही जरा वर सरकून, आणि मग 'हे काय आहे?' यावर दोन डॉक्टर अर्धा तास घालवतात.) यात दाढ, मुळं, नस जाते ती नळी आणि जबड्याचा मागचा उभा भाग एकत्र दिसतात. तोटा असा की चित्र सपाट असतं आणि खऱ्यापेक्षा मोठं, बऱ्याच यंत्रांवर वीस-तीस टक्के तरी. नळी मुळाच्या गालाकडून जाते, जिभेकडून जाते, की दोन मुळांच्या मधून, हे त्यावरून सांगता येत नाही. दोन्हींच्या सावल्या एकावर एक पडलेल्या दिसतात, एवढंच.

आता तुमचा कागद वाचू. 48 म्हणजे खालची उजवी आठवी दाढ, समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत आठवी, म्हणजे अक्कलदाढ; तिच्या पुढची ती सातवी.

'मेसिओअँग्युलर' म्हणजे पुढच्या दाढेच्या पाठीवर कललेली. एसटीत शेजारच्या खांद्यावर डोकं टाकून झोपतात ना, तशी. दाढा कोणत्या बाजूला कलतात त्यावरून त्यांची वर्गवारी विंटर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1926 साली केली आणि ती आजही चालते: पुढे कललेली, आडवी, उभी आणि मागे कललेली. खालच्या जबड्यात यातली पुढे कललेली साधारण सगळ्यांत सोपी आणि मागे कललेली सगळ्यांत वाईट. बघणाऱ्याला उलटं वाटतं.

मलाही वाटलं होतं. पीजीच्या पहिल्या वर्षाला एक एसटी कंडक्टर आले होते. एक्स-रेवर दाढ जवळजवळ उभी, इवलीशी, जराशी मागे झुकलेली. मी त्यांना आत्मविश्वासाने सांगितलं, दहा मिनिटं. दीड तास लागला. दाढ हलत होती, पण जिकडे हलत होती तिकडे जबड्याचं उभं हाड होतं. जितकं रेटावं तितकी ती त्या हाडात शिरे. सर मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "दाढ बघितलीस. बाहेर यायची वाट कुणीकडे आहे, ते बघितलंस का?" त्या कंडक्टरांनी पुढे आठवडाभर भाताची पेज पिऊन दिवस काढले, आणि मी त्या दिवसापासून पेशंटला मिनिटं सांगणं सोडून दिलं.

'क्लास 2' आणि 'पोझिशन बी' हे पेल आणि ग्रेगरी यांचे, 1933 सालचे. क्लास म्हणजे सातवी दाढ आणि जबड्याचं उभं हाड यांच्यामध्ये जागा किती. दाढ पूर्ण मावते इतकी असेल तर 1, थोडी दाढ हाडात गेली असेल तर 2, सगळीच हाडात तर 3. पोझिशन म्हणजे खोली. सातवीच्या चावायच्या पातळीला असेल तर ए, तिथून सातवीच्या मानेपर्यंत बी, मानेच्याही खाली सी. तुमची दाढ मधल्या खोलीवर आहे आणि थोडी हाडात घुसली आहे. जुने सर्जन छोट्या फिल्मवर विंटरच्या तीन रेषाही ओढत, पांढरी, पिवळसर आणि लाल. हाडाच्या कडेपासून दाढेखाली हत्यार लावायच्या जागेपर्यंत किती मिलिमीटर खाली जायचंय, ते लाल रेषा सांगते. ती 5 मिलिमीटरच्या वर गेली की काम जड. आता रेषा ओढणारे कमी उरलेत, पण अंदाज तोच घेतात.

या सगळ्याला गुण देऊन बेरीज करायची एक पद्धत पेडरसनने 1988 साली मांडली. पुढे कललेलीला 1, आडवीला 2, उभीला 3, मागे कललेलीला 4. खोली ए, बी, सी ला 1, 2, 3. जागेच्या क्लासला 1, 2, 3. तुमची बेरीज: 1 अधिक 2 अधिक 2, म्हणजे 5. तीन-चार सोपी, पाच-सहा मध्यम, सातपासून दहापर्यंत अवघड. म्हणजे तुमची दाढ मध्यम. गावातले डॉक्टर फार चुकलेले नाहीत. हिरडी थोडी उघडायची, ड्रिलने दाढेभोवतीचं थोडं हाड कमी करायचं, दाढ कापून तुकड्यांत काढायची, टाके घालायचे. जुन्या वाड्याच्या जिन्यातून कपाट उतरवताना हमाल जसं आधी जिन्याचं वळण बघतात आणि मग कपाटाचे भाग सुटे करतात, तसंच.

पण या बेरजेत तीन गोष्टी येतच नाहीत. मुळांचा आकार नाही, नस नाही, आणि तुमचं तोंड नाही. प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेशी हा आकडा बऱ्याचदा जुळत नाही, असं अभ्यासांतही दिसलंय, आणि मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. गाजरासारखं एकच निमुळतं मूळ असेल तर दाढ सरकन येते. बैलाच्या शिंगांसारखी पसरलेली दोन मुळं, किंवा टोकाला आकडा, असं असेल तर मध्यम गुणांची दाढही दमवते. तुमच्या रिपोर्टात मुळांच्या आकाराबद्दल शब्द नाही. सर्जनला विचारा. वयाचाही भाग आहे. विशी-बाविशीत हाड मऊ असतं, दाढेभोवतीची काळी रेघ रुंद असते; तिशीनंतर हाड घट्ट होतं आणि रेघ बारीक.

आता नस, म्हणजे तुमची खरी काळजी.

खालच्या जबड्याच्या हाडात एक नळी आहे (तुमच्या कागदावरचा 'कॅनाल'), तिच्यातून नस आणि रक्तवाहिन्या जातात. ही नस खालच्या दातांना, आणि बाहेर येऊन त्या बाजूच्या खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. एक्स-रेवर नळीला वर-खाली दोन पांढऱ्या रेघा दिसतात, रस्त्याच्या दोन्ही कडांना चुना मारलाय तशा. रूड आणि शिहाब या दोघांनी 1990 साली अशा सात खुणा तपासल्या, ज्या दिसल्या तर नस आणि मूळ फारच जवळ असल्याची शंका घ्यावी. त्यातल्या तीन जास्त महत्त्वाच्या ठरल्या: मुळापाशी आल्यावर नळीची पांढरी रेघ तुटणं, मुळाला वळसा घालून नळीने दिशा बदलणं, आणि नळी जिथे मुळावरून जाते तिथे मूळ काळं दिसणं. तुमच्या कागदावर तिसरी खूण आहे: 'डार्कनिंग'.

मूळ काळं का दिसतं? एक तर नळीने मुळात खाच पाडलेली असते. तिथे दाताचा भाग कमी, म्हणून किरण जास्त आरपार जातात. किंवा नस लांबच असते आणि जिभेकडचं हाडच तिथे पातळ झालेलं असतं. सपाट चित्रात दोन्ही सारखंच काळं दिसतं. म्हणूनच पुण्यातल्या डॉक्टरांनी सीबीसीटी मागितला. त्यात दाढ पावाच्या स्लाइससारखी कापून सगळ्या बाजूंनी बघता येते, आणि नळी कुठल्या बाजूने जाते, मधे हाडाचा पातळ थर आहे की नाही, ते कळतं.

मग पैसे काढायचे आहेत का? तुमच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. कागदावर खूण आहे आणि तुमचा व्यवसाय ओठावर चालतो. पण शंका घेणं वाईट नाही, कारण सरसकट प्रत्येक अक्कलदाढेला सीबीसीटी लिहिणारे आहेत, आणि ते मला पटत नाही. सीबीसीटी काढल्याने नस दुखावण्याचं प्रमाण घटतं, असं तुलनात्मक चाचण्यांत दिसलेलं नाही. फोटो नसेला वाचवत नाही. फोटो बघून हाताने काय वेगळं केलं, त्यावर ते आहे. म्हणून डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "स्कॅनमध्ये नस चिकटलेली निघाली तर तुम्ही काय वेगळं करणार?" उत्तर ठोस मिळालं तर स्कॅन करा. "बघू" असं मिळालं तर दुसऱ्याला विचारा.

ठोस उत्तर बहुधा असं असेल: दाढेचं फक्त डोकं कापून काढायचं आणि मुळं जागच्या जागी ठेवायची. याला कोरोनेक्टॉमी म्हणतात. मुळांची वरची कड हाडाच्या पातळीपेक्षा तीनेक मिलिमीटर खाली घेतात, वरून हिरडी शिवतात, आणि त्यावर हाड भरून येतं. नसेला हातच लागत नाही. पुढे काही लोकांत ती मुळं हळूहळू वर सरकतात आणि एखाद्याची काढावी लागतात, पण तोवर ती नसेपासून लांब आलेली असतात. दाढ आतपर्यंत किडलेली असेल, मुळांशी पू असेल किंवा शस्त्रक्रियेत मुळं हलली तर मात्र ती ठेवता येत नाहीत. तुमच्यासारख्याच्या बाबतीत मी ह्या पर्यायावर तरी बसून बोलले असते. हे सगळे सर्जन करत नाहीत, म्हणून आधी विचारावं लागतं.

बधिरपणाबद्दल घाबरवायचं नाही, पण खरं सांगते. खालची अक्कलदाढ काढल्यावर शंभरात काही जणांचा ओठ काही आठवडे किंवा महिने बधिर राहतो. कायमचा राहणारे एक टक्क्याहून कमी. एक्स-रेवर अशी खूण असेल तर धोका सरासरीपेक्षा जास्त. आणि ही नस फक्त संवेदनेची आहे. ओठ हलवणाऱ्या स्नायूंची नस वेगळी. म्हणजे तोंड वाकडं होणार नाही आणि सनईची पत्ती ओठांत धरता येईल. पण उजव्या अर्ध्या ओठाला ती कळणार नाही. किती दाबलीय, वारा कुठून सुटतोय, हे ओठ सांगतो, ते सांगायचा थांबेल. दुसऱ्या पेशंटला मी म्हणते, चहा पिताना जरा जपा, सवय होईल. तुम्हाला तसं म्हणता येत नाही. म्हणूनच सर्जनकडे गेल्यावर पहिल्या वाक्यात सांगा की मी सनई वाजवतो. तुमच्या केसपेपरवर ते लिहिलं गेलं पाहिजे.

आणखी एक नस आहे, जिभेची. दाढेच्या आतल्या बाजूला हाडाला लागून जाते. ती ना ओपीजीत दिसते ना सीबीसीटीत. तिची काळजी सर्जनच्या हातावर आहे, फोटोवर नाही. म्हणून मी म्हणेन की तुमची दाढ मुख-शल्यचिकित्सेत एमडीएस केलेल्या डॉक्टरांकडे काढा. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. मिरजेत तंबोरे आणि दवाखाने दोन्ही मुबलक आहेत. गावातल्या डॉक्टरांना राग येणार नाही. समंजस डेंटिस्ट अशी दाढ स्वतःहून सर्जनकडे पाठवतो.

आता तोंड, जे कुठल्याच एक्स-रेत येत नाही. तुम्ही मावा खात होता. माव्यातली सुपारी गालाच्या आतलं अस्तर कडक करते, पांढरे पट्टे येतात, आणि तोंड उघडणं हळूहळू कमी होतं. सुपारी सोडली तरी आलेला कडकपणा आपोआप जात नाही. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण आमच्या ओपीडीत त्या बंदीचा पत्ता लागत नाही. आरशासमोर उभे राहा, स्वतःची तीन बोटं उभी जुळवा आणि समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा. तीन सहज गेली तर ठीक. दोनच गेली, तर पाच गुणांची दाढ सात गुणांची धरा, कारण हत्यार घेऊन मागे पोचायलाच जागा नाही. आमच्याकडे विद्यार्थी म्हणतात, मावा खाणाऱ्याच्या तोंडात बोटं मावत नाहीत. विनोद वाईट आहे, पण आमच्या परीक्षेत त्याला मार्क आहेत. तुम्ही रोज दोन-दोन तास फुंकता, त्यामुळे गाल बरे असतील अशी मला आशा आहे, पण बघून घ्या. बोटं जात नसतील तर दाढेआधी तो विषय सर्जनला दाखवा; तोंडातल्या त्या पट्ट्यांवर लक्ष ठेवावंच लागतं. एक सुपारी दाढेने घालवली, दुसऱ्या सुपारीने तोंड घालवू नये.

काढायची तरी का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण एक्स-रे काढण्याआधीचा तो प्रश्न आहे. न दुखणारी, न सुजणारी, हाडात गाढ झोपलेली दाढ केवळ फोटोत वाकडी दिसते म्हणून काढू नये. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2000 साली हेच सांगितलं. पण दाढेवरच्या हिरडीच्या टोपीखाली जंतू साठून पुन्हा पुन्हा सूज येत असेल, तर दुसरी सूज हे काढायचं कारण मानतात. तुमच्या दोन झाल्या, आणि दुसऱ्या वेळी तोंड बंद झालं. शिवाय पुढे कललेली दाढ सातवीच्या पाठीत अन्न अडकवते, आणि तिथली कीड बाहेरून दिसत नाही. ओपीजीत सातवीची मागची बाजू काळी पोखरलेली दिसते का, हे मुद्दाम विचारा. अक्कलदाढ गेली तर काही बिघडत नाही, सातवी जाता कामा नये.

आईंना सांगा, नजरेची नस मेंदूतून थेट डोळ्यात येते, जबड्यात उतरतच नाही. खालची दाढ काढून नजर गेलेला पेशंट मी अजून बघितलेला नाही. या समजुतीपायी पू साठेपर्यंत थांबलेले मात्र बरेच बघितले.

किरणांचीही भीती अनेकांना असते. एका ओपीजीत मिळणारे किरण म्हणजे आपल्याला जमिनीतून, आकाशातून, अन्नातून दोन ते चार दिवसांत आपोआप मिळतात तेवढे. सीबीसीटीत जास्त, आणि यंत्र व भाग किती मोठा घेतला यावर बराच फरक. म्हणून सांगा की पूर्ण जबडा नको, त्या दाढेपुरताच छोटा भाग घ्या. सेंटरच्या यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. मंडळाचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे आणि 1983 पासून ते हेच काम करतं. परवान्याची प्रत मागायला लाजू नका. आणि पुण्याचा ओपीजी तुमच्याकडे आहे, तो पुन्हा काढू देऊ नका. व्हॉट्सअॅपवरचा पुसट फोटो चालत नाही, फिल्म किंवा मूळ फाइल घेऊन जा.

आता तारखा. हे छापून येईपर्यंत पितृपक्षातले चार-पाच दिवस गेले असतील. उरलेल्या दिवसांत दाढ काढून घटस्थापनेला फुंकायला बसायचं, हे मला मान्य नाही. पहिले तीन-चार दिवस सूज असते, तोंड आठ-दहा दिवस कमी उघडतं, टाके आठवड्याने निघतात, आणि खड्डा भरत असताना तोंडात जोराचा दाब द्यायचा नसतो. रक्ताची गुठळी निघाली तर हाड उघडं पडतं आणि ती कळ, काय सांगू, मूळच्या दाढेपेक्षा वाईट. सनईसाठी तीन आठवडे धरून चाला. म्हणून पितृपक्षात सर्जनला दाखवा, बोटं मोजा, स्कॅन करायचा तर करा, टोपीखालची जागा त्यांच्याकडून धुऊन घ्या. नवरात्रात रोज जेवल्यावर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि त्या कोपऱ्यात लहान डोक्याचा ब्रश. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दाढ काढा. तुळशीच्या लग्नापर्यंत महिना मिळतो. दिवाळी पहाटेची सुपारी मात्र या वर्षी भावाला द्या.

नवरात्रात ताप आला, थुंकी गिळता येईना, गळ्याखाली सूज उतरली, तर चौघडा सोडून त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जायचं. तिथे थांबायचं नसतं. मधुमेह, बीपी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं तुम्ही काही लिहिलं नाही. असतील तर आधी सांगा.

दाढ काढल्यावर बधिरतेचं इंजेक्शन साधारण चार-पाच तासांत उतरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर ओठाला बोट लावून बघा, डावीकडे आणि उजवीकडे. फरक जाणवला तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका, त्याच सकाळी सर्जनला फोन करा आणि कुठून कुठपर्यंत बधिर आहे ते सांगा.